सरांनी सांगितलेलं आमचं मत

चाळिशी उलटल्यावर बी.ए. करायला निघालेल्या आम्हा मंडळींची तयारी करून घ्यायला वेंगुर्ल्यात दर रविवारी एक सर येतात. रुमालाने खुर्ची झटकल्याशिवाय ते बसत नाहीत आणि 'थोडक्यात काय' म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्य सुरू होत नाही. थोडक्यात मात्र काहीच नसतं. विचार करायला शिकू म्हणून आम्ही घरची कामं टाकून येतो आणि लिहून लिहून बोटं दुखवून परत जातो.

परवा प्रश्न होता, 'गावात पर्यटन वाढावं का? स्वतःचं मत लिहा.'

"थोडक्यात काय, मत लिहून घ्या," म्हणत सर सांगू लागले.

काजूच्या कारखान्यात काम करणाऱ्या बाई उठल्या. "सर, माझां मत येगळां आसा."

"ते पदवी मिळाल्यावर. आता हे लिहा."

तेवढ्यात, देवळात गाऱ्हाणं घालताना म्हणतात तसं, मागून कुणीतरी ओरडलं, "व्हय म्हाराजा!" सगळा वर्ग हसला. आता सर चिडणार, असं मला वाटलं. पण गाऱ्हाणं पोचल्यासारखी त्यांनी डोळे मिटून मान हलवली आणि आमचं पुढचं मत सांगायला घेतलं.

बाई अजून उभ्याच होत्या.