आरपारबाईने घात केला

ताईने कॉमिकचं पान उलटायच्या आधीच छोट्या बोलून गेला, "किल्ल्या होत्या गं तिच्याकडे, किल्ल्या!" आणि लगेच जीभ चावली.

ताईने पान उलटलं. खरंच होत्या. हे दोघं शाळेत असल्यापासून दर महिन्याला भिंतीतून आरपार जाणारी, कॉमिकमधल्या अख्ख्या गावाची झोप उडवणारी आरपारबाई भूत नव्हतीच. तोंडाला पावडर फासून, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून हिंडणारी धडधाकट बाई निघाली.

छोट्या म्हणजे चौकातला किल्लीवाला. टक्कल पडलं तरी घरात छोट्याच. थोरली ताई कपडे शिवायची. लग्नाचं दोघांचंही जमलं नाही, कॉमिकचं मात्र जमलं. अंक आला की ताईच्या कपाटात कुलूपबंद. रविवारी जेवणं आटोपली की शेजारी बसून वाचायचा, कुणी पुढे पळायचं नाही.

"तुला कसं कळलं?" ताईने अंक मिटला.

"अंदाज. धंदाच आहे माझा."

"परवा मी माप घ्यायला गेले, तेव्हा माझ्या कपाटावर केलास का धंदा?"

छोट्या चष्मा पुसू लागला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

"एकदाच गं. मागच्या अंकात ती विहिरीत पडली होती. राहवलं नाही. आणि शिक्षा झालीच की! तोंडाची चव गेलीय तेव्हापासून. भिंतीतून जाते म्हणून जीव लावला तिला. किल्लीने काय, मीही जातो."

"तेच म्हणतेय मी. तूही जातोस."

त्या दिवसापासून ताई बाहेर जाताना कपाटाच्या फटीत दोऱ्याचा तुकडा अडकवू लागली. आली की आधी दोरा बघायची, मग भावाचं तोंड. छोट्याने तिच्या खोलीत जाणंच सोडलं, तर म्हणाली, "आत का येत नाहीस? पोटात काय आहे तुझ्या?"

नवा अंक आला तो तिने कपाटात ठेवलाच नाही. शिवणाच्या पिशवीत घालून सोबत नेऊ लागली. रविवार आला नि गेला.

"वाचायचा ना?" छोट्याने शेवटी विचारलं.

"तुला उघडता येणार नाही असं कुलूप आण. मग वाचू."

छोट्याने दुकानातली सगळी कुलपं काढली. एकेक घेऊन बसला. मेली सगळी उघडली. एखादं नुसतंच पुढे करून "हे नाही उघडत" म्हणावं, असंही मनात आलं. पण त्या घरात आता ते खरं मानणार कोण?

अंक अजून पिशवीत आहे, आणि छोट्या ताईचं एक कुलूप देणं लागतो.