दाजींचं इंजिन

नगरच्या गॅरेजवाल्याने आमच्या गाडीच्या इंजिनाची दुरुस्ती जेवढ्याला सांगितली, तेवढ्यात अशीच दुसरी गाडी आली असती. गाडी जुनी, डिझेलची. तिला भंगारात देणं हाच शहाणपणा होता.

पण मुलीचं लग्न ठरलं होतं, आणि अश्विनीने सुपारीच्या बैठकीतच जाहीर केलं होतं की ती याच गाडीतून सासरी जाणार, आणि गाडी स्वतः चालवणार. (ती शिकली याच गाडीवर. समोरचा बंपर त्याची साक्ष देतो.) शेवगावचे व्याही बागायतदार, बोलायला कमी. ते एवढंच म्हणाले, "चालवू द्या की. फक्त गाडी चालली पाहिजे."

ती चालत नव्हती. सायलेन्सरमधून एवढा धूर येई, की शेजारच्या काकू डास जातात म्हणून खिडक्या उघडून ठेवत.

बायकोने उपाय काढला. तिचा चुलतभाऊ बाळू देवळाली प्रवरात ट्रॅक्टरची इंजिनं बांधतो. त्याने टेम्पोला दोर बांधून गाडी ओढत नेली. मी मजुरीचा विषय काढला.

"दाजी, बहिणीकडून मजुरी घेऊ व्हय? लोक तोंडात शेण घालतील."

स्वस्तात काम झालं म्हणून मी खूश होतो. फुकटच्या कामाची तारीख विचारता येत नाही, हे नंतर कळलं. फोन केला की बाळू आधी ताईची तब्येत विचारी, मग म्हणे, "इंजिन उतरवलंय. मोकळं हाय आता." पुढे तो म्हणू लागला, "इंजिन झालं. चालू हाय."

"मग गाडी घेऊन ये."

"गाडी कुटं चालू हाय? इंजिन चालू हाय."

लग्न आठवड्यावर आलं तेव्हा मी एसटीने देवळालीला गेलो. बाळूच्या शेडमध्ये आमची गाडी बॉनेट उघडं टाकून उभी होती. आत मोकळी जागा, आणि त्या जागेत एक कोंबडी. बाळूची बायको म्हणाली, "ते फाट्यावर हायेत. रसवंतीवर."

फाट्यावरची रसवंती जोरात चालली होती. लोखंडी चौकटीवर एक इंजिन धडधडत होतं, पट्ट्याने चरक फिरत होता, रेडिएटरच्या जागी पाण्याचा निळा ड्रम. इंजिनाच्या ऑइलच्या झाकणावर लाल नेलपॉलिशने काढलेलं फूल होतं. ते अश्विनीने शाळेत असताना काढलेलं. मी जवळच्या बाकावर बसलो.

"या पाव्हणं," पलीकडच्या बाकावरून आवाज आला. शेवगावचे व्याही! पत्रिका वाटायला आले होते, हातात ग्लास. "रस घ्या. मशीन लई ग्वाड चालतंय इथलं."

"असं का," मी म्हणालो. इंजिनाकडे मी अनोळखी माणसासारखं पाहिलं.

तेवढ्यात चरकामागून बाळू आला. "दाजी, वळखलं का इंजिन?"

मी डोळ्यांनी खुणावलं. बाळूला वाटलं, डोळ्यात चिपाड गेलं. त्याने मला पाणी दिलं आणि व्याह्यांना सगळं समजावलं: रिंगा नव्या, पिस्टन नवे. नवं काम एकदम रस्त्यावर काढलं की जाम होतं, म्हणून आधी बेताच्या ओझ्यावर चालवून घ्यायचं. "आन् उसापेक्षा बेताचं ओझं कंचं?"

व्याह्यांनी ग्लास खाली ठेवला. "म्हंजी सूनबाई ज्या गाडीतनं यायची, तिचं इंजिन हे?"

"व्हय."

मला लग्न मोडल्यासारखंच दिसू लागलं. व्याह्यांनी इंजिनाभोवती एक फेरी मारली आणि धूर येतो का बघायला पाइपापुढे हात धरला. मग रुमालाने हात पुसला.

"चार दिस आसंच चालू द्या," ते बाळूला म्हणाले. "काडायची घाई करू नका. आख्ख्या गावानं ज्याचा रस पिलाय ते वाटंत बंद पडनार न्हाई."

रसाचे पैसे रसवंतीवाल्याने माझ्याकडून घेतले. व्याह्यांचेही.

लग्न शेवगावजवळच्या कार्यालयात झालं. बाळूने इंजिन गाडीत बसवून दिलं होतं, गाडी आम्हीच तिथे घेऊन गेलो. घाटातही ती कुरकुरली नाही. संध्याकाळी अश्विनी शालू सावरत चालकाच्या जागी बसली, जावई शेजारी. धूर अजिबात नाही. वळणावर ती दिसेनाशी झाली आणि मला एकदम भरून आलं. आमच्याकडच्या वऱ्हाडाची बस आधीच निघून गेली होती. फाटकात आम्ही दोघंच.

बायकोने पाठीवर हात ठेवला. "पुसा डोळे. येईल की ती सोळावीला माहेरपणाला."

"ती येईल गं," मी म्हणालो. "पण आपण नगरला जायचं कशातून?"