सात मिनिटांची सूट

दीपक गोताडला रत्नागिरीत तीन नावं होती. कॉलेजच्या ऑफिसात तो गोताडभाऊ, घरी नुसताच 'अहो', आणि रत्नसागर सायकल मंडळात दीपक पंक्चर. यातलं तिसरं नाव त्याने स्वतःच्या कष्टाने कमावलं होतं. मंडळाच्या आजवर चार शर्यती झाल्या. चारही वेळा बाकीचे चहा पिऊन, गप्पा मारून कंटाळले की हा भाट्याच्या पुलावर उगवायचा, आणि चारही वेळा कारण एकच सांगायचा: वाटेत पंक्चर झालं. चौथ्या वेळी मंडळातल्या स्वरूपने खाली बसून दोन्ही टायर दाबून पाहिले आणि सगळ्यांदेखत निकाल दिला, "काका, टायर टणटणीत हायत. पंक्चर तुमीच झालाव."

नाव चिकटलं ते चिकटलंच. वाढदिवसाला मंडळाच्या ग्रुपवर पंचवीस शुभेच्छा आल्या, त्यातल्या बावीस 'पंक्चरशेठ'ला होत्या. बायकोने, सुनंदाने, त्या एकेक करून वाचल्या आणि एवढंच म्हणाली, "म्हशीच्या किमतीची सायकल आणलीत. म्हशीने दूध तरी दिलं असतं." शेहेचाळीस वर्षांचा माणूस असलं बोलणं ऐकून घेतो, पण विसरत नाही.

या मंडळाचंही जरा सांगायला हवं. सभासद एकतीस, त्यात पदाधिकारी एकोणीस. हेतू आरोग्य. त्यासाठी दर रविवारी पहाटे ही मंडळी अंगाला चिकटणारे रंगीबेरंगी कपडे घालून निघतात, दहा किलोमीटर जातात आणि तिथे बसून प्रत्येकी दोन प्लेट मिसळ हाणतात. पोटं अशी, की बघणाऱ्याला त्या कपड्यांची दया यावी. मिरकरवाड्यातून मासळीच्या टोपल्या घेऊन निघालेल्या बायका त्यांना बघून तोंडाला पदर लावतात. चढावर उतरून सायकल ढकलायची वेळ आली, की हे आधी फोन कानाला लावतात, म्हणजे महत्त्वाचं काम निघालं म्हणून उतरलो असं दिसतं. या युक्तीचा शोधही दीपकचाच.

यंदा फेब्रुवारीत मंडळाने संध्याकाळची मोठी शर्यत ठेवली. भाट्याच्या पुलापासून चढ चढून गोळपच्या सड्यापर्यंत, म्हणजे वरच्या कातळाच्या माळापर्यंत, जायचं आणि परत यायचं. पहिलं कोण येणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. मिरजोळ्याच्या एका कारखान्यात लॅबमध्ये काम करणारी आरोही, वय वर्षं चोवीस, दर वेळी पहिली. तिच्यामागे आपण किती उशिरा पोचतो, एवढीच बाकीच्यांची शर्यत. म्हणून आप्पांनी नवा नियम काढला. आप्पा म्हणजे एसटी स्टँडवरचे निवृत्त कंट्रोलर. गाड्या कधीच वेळेवर सुटल्या नाहीत, पण किती उशिरा सुटल्या याची नोंद त्यांनी तीस वर्षं चोख ठेवली. नियम असा, की सरावात जो आरोहीच्या जितकी मिनिटं मागे, त्याला तितक्या मिनिटांची सूट. तेवढा वेळ त्याने तिच्या आधी निघायचं. मग पुलावर जो आधी पोचेल तो जिंकला.

वीस वर्षं ऑफिसात काढलेल्या माणसाला नियम समजायला वेळ लागतो, पळवाट मात्र लगेच समजते. दीपकचा खरा वेळ बावन्न मिनिटांचा. एका पहाटे एकट्याने, मोबाईल लावून, त्याने तो काढला होता. पण आप्पांसमोरच्या सरावाला तिन्ही रविवारी तो बरोबर पंचावन्न मिनिटांनी आला. वर सोंग काय वठवलं म्हणता! जीभ बाहेर काढली, छातीवर हात ठेवला, एकदा तर रस्त्याकडेच्या दगडी गडग्याला टेकून उलटी आल्यासारखंही केलं. अठ्ठेचाळीस मिनिटांत येऊन थांबलेली आरोही पाण्याची बाटली घेऊन धावली. "काका, जिवाला जपा हो," म्हणाली. आप्पांनी वहीत लिहिलं: दीपक, सूट सात मिनिटं. त्यातली चार हक्काची आणि तीन ढापलेली.

त्याला कप नको होता. कप तर काय, कॉलेजच्या कपाटात धूळ खात पडलेले ढीगभर असतात. त्याला एकदा, फक्त एकदा, पुलावर आधी पोचायचं होतं, आणि बाकीच्यांना मागून येताना बघायचं होतं. मग पंक्चर म्हणायची कोणाची छाती झाली असती?

शर्यतीच्या संध्याकाळी पाच वाजता सगळे पुलाशी जमले. हेल्मेटं चढली, मनगटावरची घड्याळं पिंपिं करू लागली. एवढ्यात आप्पा नारळ घेऊन पुढे आले आणि म्हणाले, "थांबा रे, गाऱ्हाना घालूया."

कोकणात गाऱ्हाण्याशिवाय नांगर चालत नाही आणि होडी लोटत नाही, मग सायकलीने काय पाप केलंय? सगळ्यांनी हेल्मेटं काढून हात जोडले. आप्पांनी समुद्राकडे तोंड करून सूर लावला.

"बा देवा भैरी म्हाराजा! आज ही तुजी लेकरां सायकली घेवन तुज्या वाटंवर हुबी हायत!"

"व्हय म्हाराजा!" मंडळ गरजलं.

"येताना-जाताना कुनाच्या आडवा डंपर येव देव नको!"

"व्हय म्हाराजा!" दीपकचा आवाज सगळ्यांत मोठा.

"आनि ह्या शर्यतीत कुनी लबाडी केली आसल, न मिळनारा काय चोरून घेतला आसल, तर ता त्याचा त्याला हितल्या हितं दाकव, म्हाराजा!"

दीपकचे ओठ हलले, पण आवाज काही फुटला नाही. आप्पांनी एक डोळा किलकिला केला. "आवाज बारीक आला रे. परत सांगतंय." आणि तेच वाक्य त्यांनी पहिल्यापासून पुन्हा म्हटलं. शेजारी उभ्या नितेशचं कोपर लागलं आणि दीपकला म्हणावंच लागलं, "व्हय म्हाराजा." स्वतःच्या तोंडाने त्याने स्वतःला बांधून घेतलं.

हा माणूस तसा आधुनिक. नाडी-ऑक्सिजन मोजणारं घड्याळ हाताला. नो पार्किंगमध्ये गाडी लावताना पोलिसाला भीत नाही, परीक्षा विभागात कुलगुरूंच्या पत्राला भीत नाही. पण गाऱ्हाण्याला भितो. त्याच्या गावात गाऱ्हाणं लागून माणसं जागच्या जागी कशी बसली, याच्या कथा ऐकतच तो मोठा झालेला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, दीपकच्या मनात तर हॅलोजन लागला. सर्वांत जास्त सूट त्याची, म्हणून पहिला सुटायचाही तोच. आप्पांनी शिट्टी मारली आणि दीपक जो निघाला, तो देवाच्या हातून निसटल्यासारखा निघाला.

भाट्याची सुरूची झाडं कधी मागे पडली त्याला कळलं नाही. एक मांजर आडवं गेलं. त्याने मनात म्हटलं, आली वेळ, आणि वेग वाढवला. मागून फुस्स असा आवाज आला. टायरच गेला असं वाटलं, पण तो एसटीचा ब्रेक निघाला. त्याने अजून वेग वाढवला. गोळपच्या चढावर दर वेळी त्याचा फोन कानाला लागायचा. आज उतरायची छातीच होईना. उतरलो, एका जागी थांबलो, की देवाला सापडलो, असा त्याचा हिशेब. मांड्या पेटल्या, तोंडात मिठाची चव आली, डोळ्यांत घाम गेला, पण पाय थांबले नाहीत. वर सड्यावर नंबर टिपायला बसलेली संस्कृती वही टाकून उभीच राहिली. "गोताडकाका? तुम्ही?" तिला उत्तर द्यायलाही तो थांबला नाही.

परतीच्या उतारावर त्याला समोरून चढत येणारे सगळे दिसले. नितेश, स्वरूप, आणि त्यांना मागे टाकत आलेली आरोही. तिने हँडलवरचा हात उचलला आणि ओरडली, "काका, पहिले आहात! सोडू नका!" एवढ्या मनापासून त्याच्यासाठी आजवर कोणी ओरडलं नव्हतं. त्याला आनंद झाला आणि लाजही वाटली, आणि दोन्ही एकदम झाल्यामुळे तो आणखीच जोरात सुटला. सूर्य पाण्याला टेकायच्या आत तो पुलावर होता. साखळी तुटली नाही, टायर फुटला नाही, डंपर आडवा आला नाही. म्हणजे देवाने सोडलं तर, असं वाटून त्याने हँडलवर डोकं टेकलं आणि पोटभर हसून घेतलं.

मग त्याने बाकीच्यांना येताना पाहिलं. चार महिने हेच दृश्य तो झोपताना बघत आला होता. आधी आरोही आली, तिच्यामागे स्वरूप, त्याच्यामागे बाकीचे. स्वरूप सायकलवरून उतरला, त्याच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मानला काका तुमाला." पंक्चर हा शब्द कोणाच्याही तोंडून आला नाही.

आप्पांनी वही उघडून निकाल वाचला. "पयला, दीपक गोताड. येळ, पन्नास मिनटां. दुसरी आरोही. दीपकच्या पाच मिनटां मागं."

टाळ्या पडल्या. आरोही घाम पुसत पुढे आली. "काका, पंचावन्नवरून एकदम पन्नास? सराव तरी कसा केलात? मला शिकवा ना." तिचा चेहरा इतका स्वच्छ होता, की दीपकच्या तोंडून खरं ते निघून गेलं. "सराव कसला गो. सूट जास्त मिळाली मला. तीन मिनटां जास्तच मिळाली."

"बघा! जिंकूनपन मानूस जमिनीवर हाय!" नितेश ओरडला, आणि टाळ्या दुप्पट झाल्या.

फोटोसाठी सगळ्यांनी दीपकला मध्ये उभं केलं आणि त्याच्या हातात कप दिला. आप्पा त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले. त्याला एकट्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात त्यांनी विचारलं, "तीनच कशी रे? दोन नाय, चार नाय, नेमकी तीन?"

दीपकने कप छातीशी घट्ट धरला. आप्पांनी बोटांची पेरं मोजली. कंट्रोलरचा हिशेब तो, चुकतो कशाला.

"पाच मिनटांनी जिकलास. त्यातली तीन चोरलेली. म्हंजे रे गाढवा, लबाडी केली नसतीस तरी दोन मिनटांनी आज तूच पयला व्हतास."

त्याच क्षणी फोटो निघाला. त्या फोटोत दीपक गोताड कप छातीशी धरून ढसाढसा रडतो आहे. मंडळाच्या ग्रुपवर त्याखाली एकोणीस जणांनी लिहिलंय, आनंदाश्रू.