मलेरिया शून्य

आम्ही दवाखान्यातल्या सिस्टर्स जमलो की कोविडच्या त्या पावसाळ्याचे किस्से निघतातच. बाकीच्या हसतात. मला अजून चीडच येते!

लालबागच्या आमच्या म्युनिसिपल दवाखान्यात मलेरियासाठी रक्ताची स्लाइड वाचणारा माणूस एकच, लॅबवाला गावडे. ऐन जुलैत त्याला उचलून कोविड कंट्रोल रूममध्ये फोनवर बसवलं. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे साहेबांनी, मायक्रोस्कोपवर प्लास्टिक घातलं आणि त्यावर आपला डबा ठेवला.

*

हिरामावशी मासेवाली. दिवसाआड हुडहुडी भरायची. शेंबडं पोरही सांगेल, मलेरिया! पण साहेबांचा हुकूम, "ताप म्हणजे स्वॅब." तिसऱ्यांदा नाकात काडी घातली तशी मावशी कडाडली, "नाकान काय शोधतंस गो? ताप अंगान हाय!"

स्वॅब निगेटिव्ह. स्लाइडचा रिपोर्ट नाही, म्हणून मलेरियाच्या गोळ्याही नाहीत. मावशीचे डोळे पिवळे पडायला लागले.

*

साहेबांना म्हटलं, "गावडेला बोलवा सर, मावशी जाईल हो!"

"सिस्टर, लेखी द्या."

दिलं लेखी. त्यावर साहेबांचाच शेरा आला, "मलेरियाचे रुग्ण नसल्याने टेक्निशियनची गरज नाही." अरे, बघायलाच कोणी नाही तर रुग्ण दिसणार कसे? डोकं आहे की खोकं!

*

व्हिडिओ मीटिंगमध्ये तर कहर! वरच्यांनी विचारलं, "पावसाळी आजार?"

साहेब छाती फुगवून, "मलेरिया शून्य, सर!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यात एखादा डास मेला असेल, तर त्या वर्षीचं मलेरिया निर्मूलन तेवढंच.

*

आठवड्याभरात गावडे परत आला, मावशीला गोळ्या मिळाल्या, ती आजही बोंबील विकते. पण तो आला कसा, ते ऐका.

एका सकाळी साहेबच दातावर दात आपटत आले आणि मावशीशेजारी बाकड्यावर बसले. त्यांचाही स्वॅब निगेटिव्ह! मी म्हटलं, "मग घरी जाताय ना, सर?"

"चेष्टा नको, सिस्टर! स्लाइड काढा!"

दोघांची काढली, आधी मावशीची. पण वाचणार कोण? साहेबांनी कंट्रोल रूमला फोन लावला, स्पीकरवर. हुडहुडीत शब्द फुटेना. "गा... गाव... ताप... ताबडतोब..."

पलीकडे खुद्द गावडे! त्याने आवाज काही ओळखला नाही, समोरचा होम क्वारंटाइनच्या प्रश्नांचा कागद वाचायला लागला.

"गावाला जायचं नाही, काका. आधी सांगा, संडास घरातला की कॉमन?"