वैशालीच्या चार चकत्या

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही, आणि तिला मी माझ्या साखरेचे आकडेही खरे सांगतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — रस्त्यात भेटलात तरी नमस्कार करणार नाही. नमस्कार फार होतात मला. 'चुंबकवाले सर' म्हणतात. भंडाऱ्यातल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, आणि बरीच वर्षं एकाच खटाटोपात आहे — दुर्मीळ मूलद्रव्यांशिवाय कायमचं चुंबक बनवायचं.

कशासाठी? स्कूटरच्या मोटरीत जे ताकदवान चुंबक बसतं त्याला निओडिमियम लागतं, ते बाहेरून येतं, आणि बाहेरच्यांनी हात आखडला की आपण बसलो बोंबलत. आमच्या जिल्ह्यात मात्र मँगनीज जमिनीतून निघतं. मँगनीज आणि बिस्मथ मिळून चुंबक होतं, आणि तापल्यावर त्याची पकड ढिली पडायच्या ऐवजी घट्ट होते. भाषणात हे वाक्य मी फार छान म्हणतो. दमट हवा त्याला अजिबात सोसत नाही, हे वाक्य जरा लवकर उरकतो.

सहा वर्षं मी ते मिश्रण वितळवलं, भाजलं, दळलं, दाबलं. हाती आलं ते फ्रिजच्या दारावर कागद धरून ठेवण्यापुरतं. मग प्रकल्पात मदतनीस म्हणून वैशाली आली. करडी गावची, ढिवराच्या घरची. वडील तलावात मासे धरायचे, शिवाय दुसऱ्याच्या शेतात बटईनं केलेल्या दोन बांध्या धानाच्या. एम.एस्सी. झालेली, बोलायला सरळ. एक दिवस मला म्हणाली, "सर, आपण लय दळून राहिलो. पोहे जास्त कुटले का चुरा होते ना, तसं होऊन राहिलं हे."

मी हसलो. तिनं कमी दळून, थंड ठेवून चुंबकाच्या चार चकत्या केल्या आणि त्यांची ताकद मोजली. माझ्या सगळ्यात चांगल्या चकतीच्या दुपटीहून जास्त!

मला आनंद झाला असेल, असं वाटतं तुम्हाला? माझा जळफळाट झाला. सहा वर्षं माझी, आणि अक्कल या पोरीची?

पंधरा दिवसांनी नागपूरहून तपासणीला मंडळी येणार होती. मध्येच रोवणा लागला, आणि धान लावायला वैशालीला घरी जावं लागलं. चकत्या हवाबंद झाकणाच्या काचेच्या भांड्यात होत्या. तळाशी सिलिका जेलचे दाणे — कोरडे असले की निळे, ओलावा प्यायले की गुलाबी. जाताना ती म्हणाली, "सर, दाणे गुलाबी झाले का तेवढे बदलवून देजा. रोवणा आटपला का मी येतोच."

चौथ्या दिवशी दाणे गुलाबी झाले. मी पाहिले, आणि बदलले नाहीत. माझ्या भांड्यातले मात्र त्याच सकाळी बदलले.

एवढंच माझ्या हातून झालं, असं मी स्वतःलाही सांगत आलोय. राहून गेलं, कामाच्या माणसाचं होतं असं. पण — हवाबंद भांड्यातले दाणे चार दिवसांत गुलाबी होतील कसे? झाकण मी सरकवलं होतं. ती गेली त्याच दुपारी, बोटभर. बाहेर पावसाची आठवडाभराची झड लागलेली. मी रोज जाऊन बघत होतो.

ती यायच्या आदल्या दिवशी झाकण नीट बसवलं, कडेला नवीन ग्रीस लावलं, दाणे भट्टीत तापवून पुन्हा निळे केले. एवढी हुशारी सहा वर्षांत चुंबकावर दाखवली असती तर!

तपासणीच्या दिवशी तिनं चिमट्यानं पहिली चकती उचलली, ती चिमट्यातच फुटली. दुसरीची भुकटी झाली. उरलेल्या दोन्हींना तडे होते, आणि यंत्रावर त्या जवळजवळ मेलेल्या निघाल्या. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी अगदी मऊ आवाजात म्हणालो, "नवीन आहे ती. भाजताना तापमान चुकलं असेल. आधीचे आकडेही तिनंच मोजले होते."

मंडळी गेल्यावर ती माझ्याकडे आली. मला वाटलं, कळलं हिला. पण ती म्हणाली, "माफ करा सर. माझ्यापायी तुमची मान खाली गेली." आणि मी तिला माफ केलं — मोठ्या मनानं! वर चहा मागवला तिच्यासाठी.

महिनाअखेर ती प्रकल्प सोडून गेली. पुढच्या वर्षी मी कमी दळलं, थंड ठेवलं, दमट हवा लागू नये म्हणून वरून लेप दिला. आकडे आले, लेख छापून आला. त्यावर तिचं नाव नाही. नमस्कार तेव्हापासून सुरू झाले.

वैशाली आता लाखांदूरला शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. माझ्याबद्दल पेपरात वाचलं म्हणाली, अभिनंदन केलं. मग म्हणाली, "सर, एक विचारू का? तेव्हा माझं नेमकं चुकलं कुठं? मले आजवर नाही समजलं."

तोंडाशी आलं होतं. किती शब्द लागले असते? मी म्हणालो, "तापमान. वीसेक अंश जास्त गेलं तुझं."

"असंच वाटत होतं मले," ती म्हणाली. आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. "मी पोरायले दरवर्षी सांगत असतो, का बाबू, मी घाई केली अन् सारं वाया गेलं, तुम्ही नका करू." आभार मानले. मॅडम बऱ्या आहेत का, विचारलं.

तिनं घाई केली नव्हती. तापमानही बरोबर होतं, तिच्या वहीत मी ते तेव्हाच पाहिलं होतं. लाखांदूरच्या त्या वर्गात यंदाही ती पोरांपुढे उभी राहून आपली चूक सांगेल, आणि ती चूक माझी आहे.