आधी जिना, मग चहा

कोणाच्याही घरी पहिल्यांदा गेलं की माणसं पाणी मागतात, देवाला नमस्कार करतात, नाहीतर निदान 'वा, छान आहे हो घर' असं खोटं तरी बोलतात. आमच्या मॅडम चपला काढता काढता विचारायच्या, "दुसरा जिना कुठे आहे?" तो स्वतः पाहून आल्याशिवाय चहाच्या कपाला हात लावायच्या नाहीत. इमारतीला आग लागली तर आतली माणसं बाहेर कशी काढायची, याच्या योजना आखणं हा त्यांचा धंदा होता आणि त्यांचे नकाशे काढणं हा माझा. मुलुंडला एका फरसाणवाल्याच्या डोक्यावर आमचं ऑफिस होतं. सोसायट्यांतली पोरं त्यांना 'धूरवाल्या मॅडम' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं, आणि माझ्या मते आवडतही होतं.

माझ्या लग्नातसुद्धा त्यांनी धंदा सोडला नाही. घाटकोपरच्या त्या हॉलच्या मागच्या दाराशी केटररने ताटांचे ढीग रचले होते. इकडे अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं रंगात आलेली, आणि मला भटजींच्या खांद्यावरून दिसत होतं की मॅडम पैठणीचा पदर खोचून केटररच्या माणसांकडून ताटं हलवून घेताहेत. नंतर आहेर देताना म्हणाल्या, "अख्ख्या लग्नात भटजी एकच कामाचं बोलतात. सावधान! आणि नेमकं तेच कोणी मनावर घेत नाही." माझ्या बायकोने त्यांच्यावर दात धरला तो बरीच वर्षं. पण मुलीच्या बारशाला दोन दारांचाच हॉल हवा म्हणून हट्ट धरला तोही तिनेच.

मॅडमचं आवडतं वाक्य होतं, "आग माणसाला गाठत नाही रे, पिशवी गाठते." माणूस सुटलेला असतो, मग त्याला काहीतरी आठवतं आणि तो मागे वळतो. म्हणून नवीन इमारतीत गेलो की त्या घरोघरी विचारायच्या, "धूर दिसला तर पहिलं काय उचलाल?" बोरिवलीच्या एका काकूंनी मिक्सर सांगितला, तोही दोन्ही भांड्यांसकट. एक काका म्हणाले, "उचलणार काही नाही, पण कुलूप लावणार ना! आग लागली म्हणून काय घर उघडं टाकायचं?" मॅडम कपाळाला हात लावायच्या. "हात रिकामे ठेवा हो," एवढंच पुन्हा पुन्हा सांगायच्या.

त्यांचा खरा कस लागला तो घाटकोपरच्या एका टॉवरमध्ये. पूर्वी तिथे चाळ होती, गिरणीत कामाला असलेल्या कोकणातल्या लोकांची. चाळ पाडून टॉवर झाला आणि आयुष्यभर गॅलरीत गप्पा मारलेली माणसं लिफ्टने वर गेली. उंच इमारतीत आगीच्या वेळी थांबायला मधेच एक मोकळी जागा ठेवावी लागते. तिथे यांचं कॅरम होतं, पापड वाळत होते आणि वाढदिवस साजरे होत होते. मॅडमनी हरकत घेतली तर सेक्रेटरी म्हणाला, "मॅडम, आग काय रोज लागते? बर्थडे तर दर आठवड्याला असतो ना!" जिन्यात चपलांचे स्टँड, सायकली आणि आठव्या मजल्यावर एक मेलेलं वॉशिंग मशीन. धूर अडवायला जिन्याला जे जड दार असतं, ते प्रत्येक मजल्यावर झाडाची कुंडी अडकवून उघडं ठेवलेलं. नोटिसा लावल्या. नोटिसांवर पोरांनी क्रिकेटचा स्कोअर लिहिला.

मग मॅडमनी एका रविवारी सकाळी खोटी आग लावली, म्हणजे नुसता भोंगा वाजवला. खाली कोण आलं? वॉचमन, एक कुत्रा आणि कुत्र्याला फिरवायला निघालेले परेरा अंकल. बाकीचे खिडक्यांतून बघत होते. अकराव्या मजल्यावरून एकाने ओरडून विचारलं, "मॅडम, खरी आहे की खोटी? खोटी असेल तर पोहे खाऊन येतो!"

पण मॅडमची झोप उडवली ती चौदाव्या मजल्यावरच्या राणे आबांनी. आबांचं वय ऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेले, आवाज मात्र गिरणीच्या भोंग्यासारखा शाबूत. मॅडमनी त्यांनाही तोच प्रश्न विचारला. आबा म्हणाले, "बाये, इतर वेळी येयन मी. पण गणपतीत आग लागली तर येवचंय नाय. बाप्पाक घरात एकट्याक टाकून मी पळू? तो काय ता बघतलो."

मॅडमनी समजावलं, चिडल्या, पुन्हा समजावलं. "मग बाप्पाला घेऊन या," असंही म्हणून पाहिलं. त्यावर आबांनी त्यांच्याकडे असं बघितलं की मॅडमच खजील झाल्या. प्रतिष्ठा केलेली मूर्ती विसर्जनाआधी जागची हलवत नाहीत, हे काय त्यांना माहीत नव्हतं? परतताना म्हणाल्या, "हा एक माणूस वर राहिला तर माझा नकाशा चुकला. बाकी पाचशे उतरले तरी चुकला."

त्या वर्षी गौरी-गणपतीच्या विसर्जनाला आबांनी आम्हाला बोलावलं. आम्ही जिन्यानेच चढलो, कारण मॅडमबरोबर दुसरा मार्ग नसे. आणि मधेच मॅडम थांबल्या. जिना मोकळा! चपला नाहीत, सायकली नाहीत, ते वॉशिंग मशीनसुद्धा गायब. मी एकाला विचारलं, तर तो माझ्यावरच खेकसला. "अरे, बाप्पा जाणार ना इथून! वाटेत चपला ठेवायच्या?" लिफ्ट होती की. पण आबांनी फर्मान काढलेलं, "बाप्पा काय पार्सल आसा, डब्यात घालून धाडूक?"

संध्याकाळी अख्खा टॉवर जिन्याने उतरला. पुढचा ओरडतोय, "सांभाळून, पायरी!" म्हातारे तरुणांच्या हाताला, पोरं मधे, कोणी कोणाला ढकलत नाही. एका मजल्यावरून 'गणपती बाप्पा' आलं की खालून, वरून 'मोरया'. हातात टाळ आणि आरतीचं ताट असल्यावर पिशवी कोण धरणार? आबा नातवाच्या खांद्यावर हात ठेवून चौदा मजले उतरले. मॅडम कोपऱ्यात उभ्या राहून बघत होत्या, आणि डोळे पुसत होत्या. "यांना सगळं येतं रे," म्हणाल्या. "मीच गाढव, भोंगा वाजवत बसले."

दुसऱ्या दिवशी त्यांनी योजना फाडून नवी केली. प्रत्येक मजल्याला एक हाक देणारा, आणि वर कोणी उरलं नाही हे बघून सगळ्यांत शेवटी उतरणारा एक. भोंगा झाला की 'गणपती बाप्पा' म्हणायचं; ज्या मजल्यावरून 'मोरया' येणार नाही तिथे माणूस बघायला जाणार. कागदावर मी 'ध्वनिसंकेत' असं भारदस्त नाव घातलं. पुढच्या सरावाला सगळे उतरले. सगळ्यांत मोठा 'मोरया' परेरा अंकलचा होता. आबाही उतरले, पण जाताना बजावून गेले, "गणपतीतला मात्र तुका वचन नाय हां, बाये." मॅडम दर महिन्याला त्यांच्याकडे जाऊन चहा पीत आणि तेवढंच वचन मागत. ते मिळालं नाही.

पुढच्या श्रावणात मॅडम आजारी पडल्या. हॉस्पिटलात भेटायला गेलो तर पहिलाच प्रश्न, "लिफ्टने आलास?" मी हो म्हटलं. "मग जिना बघितलाच नाहीस. जा, बघून ये." गेलो. जिन्यात मोडकी खाट आणि सलाइनचे स्टँड. तसं सांगितल्यावर त्यांनी नर्सला बोलावलं, मग मेट्रनला, आणि पडल्या पडल्या त्यांना इतकं छळलं की संध्याकाळपर्यंत खाट हलली. त्याच आठवड्यात मॅडम गेल्या. जिना मोकळा करून गेल्या. मला फार वाईट वाटलं, आणि स्मशानातून परतताना त्या खाटेच्या आठवणीने हसूही आलं.

मग गणपती आले. दुसऱ्या दिवशी मी दर्शनाला टॉवरच्या गेटपाशी पोचतोय, तोच नवव्या मजल्यावरून धूर. वायरिंग जळालं होतं. आग छोटीशीच निघाली, पण ते तेव्हा कोणाला माहीत? भोंगा वाजला आणि वरून हाका सुरू झाल्या. जिन्याची दारं बंद होती, कुंड्या कधीच हलल्या होत्या, त्यामुळे जिन्यात धूर नव्हता. माणसं उतरू लागली. आबांची सून उतरली, नातू उतरला. सून रडत होती. "आबा देवापाशी बसलेत. तुम्ही व्हा पुढे म्हणाले."

मी जिन्याकडे धावलो. तेवढ्यात खूप वरून, एकट्यानेच, तो गिरणीचा भोंगा ऐकू आला, "मोरया!" मग जरा खालून. मग आणखी खालून. उतरणाऱ्यांना वाट देत देत मी पाचव्या मजल्यावर पोचलो तेव्हा आबा कठडा धरून एकेक पायरी उतरत होते. मागे शेवटचा माणूस, परेरा अंकल.

"बाप्पाक सांगान इलंय," आबा धापा टाकत म्हणाले. "म्हटलंय, तू हयसर बस, मी जरा खाली जावन येतंय." मग माझ्या मागे बघत, "ती बाय खंय आसा रे?"

ऐन सणाच्या तोंडावर कशाला, म्हणून मॅडम गेल्याचं त्यांना घरच्यांनी सांगितलं नव्हतं.

आबांनी कठडा सोडून दोन्ही पंजे माझ्यापुढे धरले, पोरं जेवायच्या आधी धुतलेले हात दाखवतात तसे. "तिका सांग, आबा इलो. रिकाम्या हातान इलो."

"सांगतो, आबा," मी म्हटलं, आणि त्यातला एक हात धरून त्यांना खाली आणलं.