मामंजींची फ्लोराइडची पेस्ट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही, लेकीला तर नाहीच. तुम्हाला सांगते. आता तोंडात दातच उरले नाहीत, जिभेला अडवायला काही नाही.

सत्तावन्न-अठ्ठावन्न सालची गोष्ट. मी डोंबिवलीला सून म्हणून आले तेव्हा घरात सगळे राखुंडीने दात घासत, मामंजी तेवढे बाभळीच्या काडीने. तरी त्यांच्या दाढा किडल्याच. मग भावजींनी — ते बोटीवर नोकरीला — परदेशातून पेस्टची एक नळी आणली. फ्लोराइडची, किडीवर म्हणे. मोरीतल्या फळीवर असायची. मामंजींशिवाय कुणी हात लावायचा नाही.

मी ती खाल्ली. हो — दात नाही घासले, खाल्ली. दुपारी सगळे लवंडले की बोटावर घ्यायची नि चाटायची. गोडसर, गार. असं का होत होतं? मलाच उमगत नव्हतं. लाज वाटायची, तरी पाय मोरीकडे वळायचे.

नळी चपटी झाली. सासूबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं.

घरात आत्याबाई होत्या, मामंजींची थोरली विधवा बहीण. भावाच्या आधाराने राहिलेल्या. माहेरच्या आठवणीने मी रडले की डोक्याला तेल लावून द्यायच्या. आणि मी काय केलं? खाली मान घालून म्हटलं, "दुपारी आत्याबाई असतात मोरीत." एवढंच. याला खोटं म्हणायचं का? भांडी घासायला त्या असायच्याच की तिथे. पण — खोटंच ते.

"वन्सं, या वयात ही चोरी?" सासूबाई म्हणाल्या.

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडाला येणारा पेस्टचा वास त्यांना आला असणार. मग माझ्या पोटाकडे पाहिलं — माझ्याआधी त्यांना कळलं होतं. म्हणाल्या, "जीभ चळली हो माझी."

त्यांची रवानगी कल्याणला झाली, कुणा लांबच्या पुतण्याकडे.

पुढे मला दिवस गेल्याचं घरात कळलं. अहो, तेव्हा तरी सांगायचं. माती खाणाऱ्या, राख खाणाऱ्या गरोदर बायका काय कमी असतात? डोहाळे म्हणून सगळे हसले असते, आत्याबाई घरी आल्या असत्या. पण मग आळ घेतल्याचंही कबूल करावं लागलं असतं. आणि घरात माझं कौतुक चाललं होतं — ते मला हवं होतं. डोहाळजेवणाला मी हिरवी साडी नेसून बसले. कल्याण असं किती लांब? मधे एक ठाकुर्ली स्टेशन. तरी त्यांना बोलावणं गेलं नाही, नि मीही त्यांचं नाव काढलं नाही.

लेक रांगायला लागली आणि त्या गेल्याचा निरोप आला. आम्ही कल्याणला गेलो. आत्याबाईंना पडवीत ठेवलं होतं. बायका हळहळत होत्या. सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "बाई चांगली हो, पण जीभ नडली तिला." मग माझ्याकडे वळल्या, "काय गं?"

मी "हो" म्हटलं.